दादाची खाचांची भिंत

माझा दादा सुतार आहे, पण पलंग-कपाटं करणारा नव्हे. सभागृहांच्या भिंतींना तो खाचा पाडलेल्या लाकडी फळ्या बसवतो. सपाट भिंतीवर आवाज आदळला की जसाच्या तसा परत येतो आणि बोलणं घुमतं. खाचा कमीजास्त खोल, कमीजास्त रुंद असल्या की तोच आवाज फुटून चहूकडे पांगतो. उभा जन्म त्याने हेच केलं. घरात बोलायचं खातं वहिनीकडे. हा आपला नुसता हं-हं करायचा, आणि तेवढ्यावर तिचं छान भागायचं.

वहिनी गेली आणि त्याने लगोलग पडदे, गाद्या, सतरंज्या, तिचं कपड्यांनी भरलेलं कपाट, सगळं देऊन टाकलं. बघवत नाही म्हणाला. अरे, कापड आवाज पितं हे जो येईल त्याला सांगत सुटणारा माणूस तू, तुझ्या डोक्यात एवढं येऊ नये? घर रिकामं झालं आणि घुमायला लागलं. दादा खोकला की आतल्या खोलीत कोणीतरी खोकायचं. हा उठून बघून यायचा. हे त्याने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही खाली मान घालून.

मी त्याला कायमचा माझ्याकडे न्यायला गेले, तेव्हा बाहेरच्या खोलीची अख्खी भिंत फळ्यांनी मढवलेली होती. मी पेला टेबलावर आपटला तर भिंतीकडून चिवचिव आली. टाळी वाजवून पाहिली, पुन्हा चिवचिव. जवळ जाऊन बघते तो काय, खाचा सगळ्या एकाच मापाच्या, एकाच अंतरावर. एकेक खाच आवाज ओळीने, सारख्या अंतराने परत पाठवत होती, तीच ती चिवचिव. हाताखालच्या कोणी असं काम केलं तर दादा त्याची सालटी काढतो.

“दादा, हे तू केलंस?”

“मापं बदलायला मन होईना,” तो म्हणाला. “एकदा लावलं यंत्र, ते तसंच चालू ठेवलं.”

 मला वाईट वाटलं की मी भांडते, त्याला इलाज नाही.

“मग आता या चिवचिवाटाशी गप्पा मारत बसणार का? चल मुकाट्याने माझ्याकडे.”

“घुमत तर नाही ना आता.”

“नाही घुमत. पण इथे बोलतंय कोण?”

त्याने भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाला, “तुझ्याकडच्या भिंती कशा आहेत गं?”

“सपाट. त्यात माझी दोन कार्टी, तुझे मेहुणे फोनवर ओरडणारे, आणि वर मी. घर दिवसभर घुमत असतं. कान किटतील तुझे.”

बोलून गेले आणि जीभ चावली. आता कसला येतोय हा, असं वाटलं. दादा उठला, दोरीवरचे दोन शर्ट काढून पिशवीत कोंबले.

“घुमू दे,” तो म्हणाला.