राणी नसलेली पेटी

पोळ्याच्या एकेका घरात चार-चार, पाच-पाच अंडी होती. मी फ्रेम उन्हाकडे धरली, पुन्हा बघितली आणि चष्मा पुसला.

"अंडी आहेत ना, मॅडम?" सुवर्णाने विचारलं.

"आहेत," मी म्हटलं. "पण ही राणीची नाहीत."

मधमाशीपालनाच्या एका योजनेत मी तेव्हा फील्डवर होते. लांज्याच्या आतल्या अंगाला एका वाडीत सुवर्णाला दोन पेट्या दिल्या होत्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस. नवरा मुंबईला, घरी सासरे आणि काजूची बाग. पेट्या बागेच्या कडेला, कातळ संपतो तिथल्या सावलीत ठेवलेल्या.

राणी एका घरात एकच अंडं घालते, अगदी तळाशी. इथे अंडी भिंतींना चिकटली होती. राणी नाहीशी झाली की काही दिवसांनी कामकरी माशा अंडी घालू लागतात, त्याची ही खूण.

हे कसं होतं, ते सांगते. कामकरी माशीलाही अंडाशय असतो, पण तो निजलेला. राणीच्या अंगाला एक वास असतो. माशा एकमेकींना चाटून, स्पर्श करून तो पेटीभर पोहोचवतात. तो आहे तोवर कामकरी माशीच्या अंगातले अंडी घालायचे जीन गप्प असतात. वास थांबला की काहींच्या अंगात ते जागे होतात. माशी तीच, जीन तेच, भोवतालचं घर तेवढं बदललेलं. आपल्याकडच्या सातेरी माशीत हे फार लवकर होतं. मात्र कामकरी माशीचं मीलन झालेलं नसतं, म्हणून तिच्या अंड्यांतून नरच निपजतात. नर काम करत नाहीत. पेटी मरायचीच असते. त्यातला एखादा नर दुसऱ्या पेटीच्या राणीला मिळाला, तर या पेटीचा अंश पुढे जातो. पिढ्यान्‌पिढ्या तगून आलेली ही रीत आहे.

सासरे, आप्पा, पायवाटेवर उभे होते. "मी बोललो व्हतो," ते म्हणाले. "हिच्या हाताला काय लागत नाय. भाजी लावली, गेली. कोंबड्या पाळल्या, गेल्या. आता ह्ये."

सुवर्णा घरात जाऊन वही घेऊन आली. ट्रेनिंगमध्ये आम्ही सांगायचो, दर तीन-चार दिवसांनी नोंद करा. बहुतेक जण करत नाहीत. हिने केली होती.

मी उभ्या-उभ्या वाचलं.

मॅडम येऊन गेल्या. राणी दिसली.

चौथा दिवस. अंडी दिसत नाहीत. मॅडमना फोन केला. राणीची घरं तीन, कापली.

सातवा दिवस. घरं दोन, कापली.

दहावा दिवस. एक. कापलं.

चौदावा दिवस. अंडी दिसली. बरं वाटलं.

अंड्यातून अळी व्हायला तीन दिवस लागतात. चौथ्या दिवशी एकही अंडं नाही, म्हणजे राणी मी मागच्या खेपेला आले त्याच दिवशी गेली होती. त्या दिवशी मला अजून दोन गावं करायची होती. फ्रेम चिकटली होती, मी ओढली. ती तिरकी वर आली आणि शेजारच्या फ्रेमला घासली. राणी त्याच फ्रेमवर होती. परत ठेवताना मी बघितलं नाही.

तेवढ्यावर पेटी मेली नसती. राणी गेली की माशा कोवळ्या अळ्यांना खास खाणं घालून नवी राणी करतात. कामकरी होणार की राणी, हे त्या खाण्यावर ठरतं. त्यासाठी त्या लांबट मोठी घरं बांधतात. पण तेव्हा पेट्या फुटायचा हंगाम होता. नवी राणी तयार होऊ लागली की जुनी राणी निम्म्या माशा घेऊन निघून जाते. म्हणून मी बजावलं होतं, राणीची घरं दिसली की काप. चौथ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी म्हणाले होते, "अंडी बारीक असतात, तुला दिसत नसतील. घरं मात्र काप."

तिने कापली.

मी वही मिटली. "होतं असं कधीकधी," म्हटलं आणि निघाले. हे वाक्य मला अजून आठवतं.

ऑफिसात साहेबांना सगळं सांगितलं.

"नैसर्गिक कारणाने राणी नष्ट, असं लिहा," ते म्हणाले. "विषय संपला."

"तिच्यावर येतंय, सर."

"घरचा मामला आहे तो. आपण कशाला पडायचं?"

मी तसं लिहिलं. सही केली.

आठवड्याने सुवर्णाचा फोन आला. "मॅडम, पेट्या परत न्या. दोन्ही."

"दुसरी चांगली आहे की."

"आप्पा नको म्हणतायत. ह्यांचा पण फोन आला. म्हणाले, झालं तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी मी गेले. पडवीत आप्पा सुपारी कातरत बसले होते. सुवर्णा दारात उभी. मी बसले नाही.

"आप्पा, राणी माझ्या हातून चिरडली. आणि नवी होऊ नये अशी सूचनाही मीच दिली. हिने फक्त ऐकलं. हिची चूक दाखवायला हिच्या वहीत काही नाही."

आप्पांचा अडकित्ता थांबला. 

"हे त्या दिवशी ठावं व्हतं तुमाला?"

"होतं."

"मंग आठ दिवस आमी हिला बोललो, त्याचं काय?"

 सुवर्णा आत निघून गेली. भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.

त्या दिवशी आम्ही चांगल्या पेटीतली अंड्या-अळ्यांची एक फ्रेम आजारी पेटीत घातली. कोवळ्या अळ्यांच्या वासानेही कामकरी माशांचं अंडी घालणं आवरतं, आणि नवी राणी करायला अळी मिळते. माशांनी राणीचं घर बांधायला घेतलं आणि दोन दिवसांत पाडून टाकलं. दुसरी फ्रेम दिली, तेच झालं. नर भरमसाट झाले होते, कामकरी माशा म्हातारलेल्या. महिन्याभरात पेटी रिकामी झाली. मी रिपोर्ट दुरुस्त करून दिला. साहेब माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलले.

दुसरी पेटी आप्पांनी नेऊ दिली नाही. "ऱ्हाऊदे," एवढंच म्हणाले. सुनेशी त्यांचं काय बोलणं झालं, मला माहीत नाही.

पुढच्या भेटीत मी झाकण काढायला हात पुढे केला, तेव्हा सुवर्णाने पेटीवर हात ठेवला.

"मी काढते, मॅडम. तुम्ही बघा."

तिने फ्रेम सरळ वर उचलली, सावकाश. राणी कुठे आहे ते आधी शोधलं, मगच मला दाखवलं.

त्यानंतर प्रत्येक ट्रेनिंगमध्ये मी एक गोष्ट सांगत आले. पेटीत राणी नसेल, तर पेटी शेवटची कोणी उघडली होती ते आधी विचारा. पुष्कळदा ते आपणच असतो.