घासणारं दार

सुतारभावजींनी लावलेलं दार कधी दुरुस्तीला परत येत नसे. पण त्या बर्फाळ डोंगरी गावातलंच त्यांच्या वहिनींच्या खुराड्याचं दार त्यांच्या नावाला बट्टा लावत होतं. थंडी पडली की ते जमिनीला घासे, म्हणून भावजी खालून रंधा मारत. थंडी सरली की फट पडून कोंबड्या पसार होत, म्हणून तिथे पट्टी ठोकत. सहा वर्षं हेच चाललं होतं.

यंदाही दार घासलं. "भावजी, अशानं शेवटी नुसती कडी उरेल," वहिनी म्हणाल्या.

भावजींनी रंधा ठेवला आणि पहारीनं दारापुढची माती फोडली. आत बर्फाचे पातळ पापुद्रे एकावर एक बसले होते. त्यांच्याखालची माती मात्र भुग्यासारखी कोरडी होती.

"इथं पाणी ओतलंत?"

"मी कशाला ओतू? पाऊस होऊनही तीन महिने झाले."

"मग खालचं पाणी वर चढून गोठलं, आणि त्यानं जमीन उचलली?" भावजी गोंधळले. पाणी खाली जातं, एवढं तरी आपल्याला कळतं असं त्यांना वाटत होतं. "म्हणजे दार बरोबरच होतं?"

"चूक जमिनीची, सोललं दाराला," वहिनी हसल्या.

भावजींनी दार न तासता बिजागरीत दोन चकत्या घालून ते उचललं; थंडी सरली की त्या काढल्या की झालं. निघताना मात्र त्यांनी जमिनीवर जरा जपूनच पाय ठेवला.