शेजारच्या दोन खुर्च्या

नातेवाइकांत त्याला सगळे ‘तिकीटमास्तर’ म्हणत. खरं तर तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचा. पण कोणाला विमानाने कुठे जायचं असलं की फोन यालाच. आठवड्याच्या मधला वार बघा, पहाटेचं घ्या, मोठा विमानतळ सोडून गावाबाहेरच्या धाकट्यावर उतरा, मध्ये एकदा विमान बदललं म्हणून काय झिजता का! इकडे यंत्रावर भिंग फिरायचं आणि याचा डोळा मोबाइलवरच्या भावांवर. तिकीट स्वस्तात मिळालं की स्वारी खूश. पुढे हाल व्हायचे ते जाणाऱ्याचे.

परदेशातल्या ताईने आईबाबांना बोलावलं, तेव्हा तिकिटं अर्थातच यानेच काढली. आई कधी विमानात बसली नव्हती. नुसत्या विचारानेच ती घाबरायची. बाबांनी त्यावर उपाय काढला. रोज चहा झाला की ते स्वयंपाकघरात दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडायचे, आईला बसवायचे, तिचा हात धरून म्हणायचे, “हां, आता उडालं बघ.” आई डोळे घट्ट मिटायची. बाबांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे “उतरवा आता, भाजी करपतेय” हे तिला त्यांच्या कानाशी ओरडावं लागे. हा खेळ त्याने दारात उभं राहून कितीदा तरी पाहिला होता, पोट धरून हसलाही होता.

आणि तरीही तिकीट काढताना जागा निवडायची वेळ आली, तेव्हा त्याने तो रकाना रिकामाच सोडला. शेजारच्या जागांना वेगळे पैसे पडत होते. फार नव्हते, दुकानातल्या एका बऱ्यापैकी फ्रेमएवढे. पण तिकीटमास्तरचा हात आखडला तो आखडलाच.

“आमच्या जागा शेजारी आहेत ना रे?” बाबांनी विचारलं.

“एकाच विमानात आहात की, बाबा! जाणार कुठे?” तो मोठ्याने म्हणाला. सगळे हसले. बाबाही हसले.

बाबांना पार पुढची जागा मिळाली, आईला शेपटाकडची. पोचल्यावर आईने फोनवर सगळं रंगवून सांगितलं.

“अरे, ह्यांनी किती जणांना विचारलं, जागा बदलता का म्हणून. कोणी हलेना. मग विमान धावायला लागलं आणि हे उठून उभे! मागे वळून मला हात करताहेत, घाबरू नकोस म्हणून. ती विमानातली मुलगी ओरडतेय, बसा, बसा. ह्यांना ऐकू येतंय थोडंच!”

“आणि तू?”

“मी काय, डोळे मिटून घेतले. शेजारच्या बाईचा हात कसा धरणार?”

आई हसत होती. त्याला काही हसू आलं नाही. परतीच्या जागा तरी शेजारी घेऊन टाकू, असं त्याने ठरवलं, आणि अजून वेळ आहे म्हणून तेही राहू दिलं.

पण ताईच्या घरी बाबा एका दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. तो मिळेल त्या विमानाने गेला, तिकिटाच्या भावाकडे बघितलं नाही. लोक येऊन धीर देत होते, तो मान हलवत होता. बाबा गेल्याचं दुःख तर होतंच, पण मन खात होतं ते वेगळंच. बाबांनी कधी त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. एकदाच, बायकोशेजारची खुर्ची मागितली, आणि त्याने ती थट्टेवारी नेली. हे कोणाला सांगायचीही त्याला लाज वाटत होती.

तो परत येऊन कामाला लागला. आई काही दिवस ताईकडेच राहिली. आता तिला घरी यायचं होतं. दुकानात भिंग बाजूला ठेवून त्याने तिला फोन लावला.

“आई, थेट विमान काढतोय. मध्ये कुठे उतरायचं नाही. आणि जागाही निवडून देतो. पुढची घेऊ? खिडकीजवळची?”

“त्याचे वेगळे पैसे पडतात ना रे?”

“पडू देत.”

“नको, उगाच कशाला.” आई अगदी सहज म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. “मला आता कुठेही बसवलंस तरी चालेल.”