शनिवारच्या शिवल्या

सॅमसन सरांशी माझी पहिली भेट झाली ती त्यांनी मला टोकल्यामुळे. पनवेलला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. सकाळी कुंपणाशी उभी राहून मी नवऱ्याला म्हणाले, "आज अनंताचा वास कालच्यापेक्षा गडद आहे." पलीकडच्या अंगणातून बनियन घातलेला एक काटकुळा म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "कशावरून? काल मोजला होतात?" सॅमसन हे बलदंड नाव आणि ती अंगकाठी यांचा मेळ मला शेवटपर्यंत लागला नाही.

सर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. सारी हयात शाळेत जीवशास्त्र शिकवलेले. घरात शिरताना चौकटीवरच्या मझुझाला, धर्मवचन ठेवलेल्या छोट्या डबीला, बोटं लावून ती ओठांशी नेत, शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दिवे लागत आणि शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, ते हातात पेनसुद्धा धरत नसत. त्यांचे मित्र दीक्षितकाका, गणिताचे निवृत्त शिक्षक, रोज संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर त्यांना डिवचत.

"सॅमसन, तुमच्या ग्रंथात सहा दिवसांत जग झालं ना रे? मग तुझी उत्क्रांती कुठे बसवतोस?"

"देवाचा दिवस किती तासांचा, ते त्याने सांगितलेलं नाही."

"पण होताना कुणी पाहिली? साक्षीदार नसलेला खटला आहे तुझा!"

"तुझं टक्कल पडताना तू पाहिलंस? कुठल्या तारखेला पडलं, सांग बघू."

सगळा ओटा हसे. दीक्षितकाकाही डोक्यावरून हात फिरवत हसत. पण हटत नसत. "टक्कल मला आरशात दिसतं. तुझा बदल दाखव."

"दाखवीन," सर म्हणत.

त्या 'दाखवीन'ला आधार होता एका वहीचा. माघ अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला सर गव्हाणच्या खाडीवर जात. चिखलातून शंभर शिवल्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, वेचत, प्रत्येकीची लांबी व्हर्निअर कॅलिपरने मोजत आणि पुन्हा पाण्यात सोडून देत. वीसहून अधिक वर्षं हा नेम चालला होता. एका माणसाच्या आयुष्यात उत्क्रांतीचं पाऊल वाजताना ऐकू येतं का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी एकदा सोबत गेले होते. तिवरांचा खारट, किंचित कुजका वास, द्रोणागिरीकडे जाणाऱ्या ट्रकांची दूरची घरघर, आणि टोपलीत पडताना एकमेकींवर किणकिणणाऱ्या त्या राखी-तपकिरी शिवल्या.

सरांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर चिखलात उतरणं हिराबाईंकडे आलं. हिराबाई गव्हाणच्या, बाजारात मासळी विकणाऱ्या. सर बांधावर बसत आणि बजावत, "बघू नकोस हं. मूठ भर आणि टाक." आणि त्याच सुमारास वहीतली सरासरी लांबीची सपाट रेषा एकदम वर चढली. पुढची सहा वर्षं ती वरच राहिली. सरांचा चेहरा त्या दिवसांत उजळलेला असे. "आयुष्यभर मुलांना सांगितलं, उत्क्रांती रांगते. पण ती उडी मारते की काय? खाडीत भराव पडले, पाणी बदललं... दीक्षितला आता आरसाच दाखवतो." वाचनालयात व्याख्यान ठरलं. वही सुवाच्य उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. "तुमचं अक्षर चांगलं आहे," सर म्हणाले, "आणि तुम्ही कवयित्री, तुम्हाला विज्ञान येत नाही. म्हणजे माझे आकडे तुम्ही सुधारणार नाही."

आलेख काढताना मला एक ठिपका खटकला. उडीच्या कितीतरी वर्षं आधी, सपाट ओळीत, एकटाच उंच. कवितेत एखादा शब्द छंदाबाहेर पडावा तसा. मी सहज विचारलं, "या वर्षी काय झालं होतं?"

सरांनी चष्मा काढला. वही डोळ्यांजवळ नेली. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या वर्षी अमावास्या शनिवारी आली होती. शनिवारी मी काम करत नाही, म्हणून बांधावर नुसता बसून होतो. हिराबाई म्हणाली, तुमी बसा, मी वेचते. मी मोजल्या त्या रविवारी."

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. सरांनी विचारलं, "हिराबाई, खरं सांग. शिवल्या बघून वेचतेस?"

"मंग? मास्तरला काय बारीक शिवल्या देऊ? लाज नाय वाटनार मना?"

"अगं, मी सांगितलं होतं ना, बघू नकोस म्हणून?"

"तुमी भिडंनं बोलता, मना काय कलत नाय? वही-बिही ठीक हाय, पन घरी कालवन होतंच ना!"

"आम्ही शिवल्या खात नाही गं. आमच्या धर्मात चालत नाहीत. टोपली देऊन तू बाजाराला गेलीस की मी त्या मोजून पाण्यात सोडतो."

हिराबाईंचा कोयता हातातच थांबला. "येवढ्या मोठाल्या? सोडता?" मग त्या खरोखरच दुखावल्या. "आंदी सांगायचं ना, सर."

सर हसले. आम्ही परतायला रिक्षात बसलो. व्याख्यान दोन दिवसांवर होतं. मला राहवेना. मी म्हणाले, "तो एक ठिपका वगळला तर? नाहीतरी एकच आहे, आणि तो नसला तर उडीवर कुणाला शंका येणार नाही."

ते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. शिकवण्याची जुनी सवय होती. "हिराबाईने शिवल्या निवडल्या, त्या मायेपोटी. मी आकडे निवडले, तर ते कशापोटी?"

व्याख्यानात त्यांनी आलेख होता तसा भिंतीवर लावला. उडीवर बोट ठेवून म्हणाले, "ही उडी शिवल्यांची नाही, हिराबाईच्या जिव्हाळ्याची आहे." सभेत हशा पिकला. दीक्षितकाका उठले. "म्हणजे तू हरलास!"

"माझी वही हरली, दीक्षित. उत्क्रांतीचे साक्षीदार खडकांत आहेत, हाडांत आहेत, तुझ्या-माझ्या रक्तात आहेत. मी त्यात गव्हाणचा एक साक्षीदार आणायला गेलो होतो. तो फितूर निघाला, कारण विचारणारा मी बेसावध होतो."

दीक्षितकाकांनी डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "पुढच्या माघात मी येतो. मोजायला माझी नजर अजून बरी आहे."

ते आले. सरांनी नवी पद्धत बसवली. डोळे मिटून लोखंडी कडं चिखलावर फेकायचं, आणि त्याच्या आत जे सापडेल ते सगळं उचलायचं. नव्या वहीचं पहिलं पान त्यांनी स्वतः लिहिलं. दुसरं लिहायला ते राहिले नाहीत. पावसाळा सरता सरता झोपेतच गेले.

आता आम्ही तिघं जातो. कडं हिराबाई फेकतात, लांबी दीक्षितकाका वाचतात, मी लिहिते. "मला अजून पटलेलं नाही हं," काका दर वर्षी बजावतात आणि कॅलिपर पुन्हा एकदा लावून बघतात. नव्या वहीतून अजून काहीच ठरत नाही. रेषा म्हणावी इतके ठिपकेही जमलेले नाहीत. कड्यात हात घातला की माझी बोटं आपसूक नक्षीदार, टपोऱ्या शिवलीकडे वळतात. आयुष्यभर शब्द निवडण्यात गेलेला हात तो. मी त्याला थांबवते, आणि कडेला रुतलेली, नखाएवढी, रंग उडालेली एक शिवली आधी उचलते. ती तळहातावर गार, घट्ट मिटून बसते. काका लांबी सांगतात. मी लिहून घेते.