तीट न लावलेलं बाळ

परगावी गेलं की तिथलं चित्रसंग्रहालय बघायचं आणि बाहेर पडताना आपली आवडती तीन चित्रं ठरवायची, ही माझी जुनी खोड. परवा मात्र मला माझ्याच आवडीचा संशय येऊ लागला. मी आधी चित्राखालची पाटी वाचतो. नाव मोठं असलं की जरा मागे सरकतो, मान तिरकी करतो, आणि मग मला ते चित्र आवडतं. पाट्यांची कुणी अदलाबदल केली असती, तर मी कशासमोर मान तिरकी केली असती कोण जाणे.

बायको पाट्या वाचत नाही. एका चित्रात आईच्या मांडीवर गुटगुटीत बाळ होतं. हिने चटकन दोन्ही हात त्याच्या गालांपाशी नेले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. पहारेकरी धावतच आला.

“मॅडम, चित्राला हात लावू नका!”

“लावला नाही हो, दृष्ट काढली,” ती म्हणाली. “एवढं गोड लेकरू, दिवसभर येणारा-जाणारा बघत असतो. साधी तीटसुद्धा लावलेली नाही.”

पहारेकऱ्याने संशयाने तिच्याकडे पाहिलं, मग बाळाकडे, मग माझ्याकडे. मी ओशाळून पाटी वाचू लागलो.

बाहेर चहा पिताना तिने विचारलं, “तुमची तीन कुठली?”

मी तिन्ही चित्रं बोटांवर मोजली. त्या तिन्हींपैकी एकालाही कुणाची दृष्ट लागेल, अशी भीती मला वाटली नव्हती.