हूची मम्मी?

पाळणाघरातल्या मावशींना स्वतःचं नाव होतं, पण ते विचारायची वेळ कधी कोणावर आली नव्हती. त्याही कोणाला नावानं ओळखत नसत. आईबापांना तर नाहीच. "कुरळ्याची आई आली", "चावऱ्याचे बाबा आज लवकर?" असा त्यांचा संध्याकाळचा कारभार. फाटकाची कडी उंचावर, मुलांचा हात पोचणार नाही अशी. शेजारी बुटांचं कपाट, आणि बाकावर मावशी: मांडीवर कोणाचा तरी लेक आणि हातात त्याचा एकच सापडलेला मोजा.

दिवसभर लाळेरी बदलायची, सांडलेलं पुसायचं, भांडणं सोडवायची, हे सगळं त्या या एका तासासाठी करत. आई दिसली की मूल मांडीवरून उडी मारून धावतं, आणि दोन पावलांवरून मागे वळून मावशींना हात हलवतं. मावशींना मूलबाळ नव्हतं. लोकांचं त्यावरून बोलायचं ते बोलून झालं होतं. हा मागे वळलेला हात मात्र त्यांच्या हक्काचा होता.

मग समोरच्या इमारतीत नवी ऑफिसं आली, आणि त्यांच्याबरोबर देशोदेशीचे आईबाप. त्यांच्यापुढे मराठीचं काही चालेना. मावशी डगमगल्या नाहीत. कोण म्हणजे हू, एवढं त्यांना ठाऊक होतं. मग कोणाची म्हणजे हूची! त्या फाटकातून खणखणीत आवाजात विचारत, "हूची मम्मी?" आया गोंधळून हसत आणि बोटानं आपलं मूल दाखवत. एका टायवाल्या बापाला मात्र 'हूचा' काही केल्या कळेना, म्हणून मावशींनी 'चा' काढून टाकला आणि सुटसुटीत विचारलं, "हू यू?" तो असा भडकला की विचारू नका. आपण कोण, असं त्याला कोणी कधी विचारलं नसावं. तक्रार मुख्य बाईंकडे गेली.

बाई काही वाईट नव्हत्या. "मावशी," त्या म्हणाल्या, "मूल कोणाच्या हाती देतो, हा पोरखेळ नाही. महिनाअखेरपर्यंत इंग्रजीत नीट विचारायला शिका. नाही जमलं तर फाटकावर दुसरी बाई बसवावी लागेल. तुम्ही मग स्वयंपाकघर बघा."

स्वयंपाकघर पार मागच्या अंगाला होतं. तिथपर्यंत मुलांचं फक्त रडणं पोचे.

घरात इंग्रजी यायचं ते धाकट्या जावेला. ती औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. जिभेला हाड नाही, पण मनात काही ठेवणार नाही, अशी बाई. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता शिकवणी सुरू झाली.

"हूज मदर आर यू? हूज चाइल्ड इज धिस? म्हणा."

"आणि चा, ची, चं?"

"तसलं काही नसतं, ताई. सगळ्याला एकच हूज."

"भारीच काटकसरी गं ही माणसं," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून घरातली एकही वस्तू सुखानं राहिली नाही. "हूज चष्मा इज धिस?" ऐकून नवरा वैतागला. "माझाच आहे, चोरून आणलेला नाही. दे इकडे!"

एका संध्याकाळी मावशींनी सहज विचारलं, "आणि यावर उत्तर काय देतात गं?"

"माइन. म्हणजे माझं." जाऊ मोज्यांच्या जोड्या लावत होती. "पण ते शिकून तुम्ही काय करणार? तुम्हाला तर नुसतं विचारायचंय."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. मावशींनी टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. त्यांना लागलं होतं. जेवणं झाल्यावर जाऊ त्यांच्यापुढे दुधाचा पेला ठेवून गेली.

महिनाअखेरीस मुख्य बाई फाटकाशी येऊन मावशींच्या मागे खुर्ची टाकून बसल्या. मावशींचा प्रश्न बिनचूक निघाला. एकदा, दोनदा, दहादा. टायवाल्यालाही त्यांनी "हूज फादर आर यू, सर?" विचारलं, तेव्हा तो चक्क हसला.

तेवढ्यात एक नवी आई आली. तिच्या मुलीचा आज पहिलाच दिवस. बाकावर मावशी, मांडीवर एक, पाठीला लटकलेलं दुसरं, हे पाहून तिला वाटलं, हीसुद्धा आपल्यासारखीच न्यायला आलेली. मावशींना प्रश्न विचारायची सवडही न देता तिनं फाटकातून हसून विचारलं, "विच वन इज युवर्स?"

मुख्य बाईंनी चटकन खाली बघितलं. महिन्यापूर्वी हे मावशींच्या डोक्यावरून गेलं असतं आणि त्यांनी नुसतं "येस, येस" म्हटलं असतं. आता पळवाट उरली नव्हती. युवर्स हा हूजचाच भाऊबंद, हे त्यांना लख्ख कळलं. पाठीवरचं पोर त्यांचा कान ओढत होतं.

"टिल मम्मी कम," मावशी म्हणाल्या, आणि हातानं सगळी खोली दाखवली, "ऑल माइन."

नव्या आईचे डोळे भरून आले. मावशींनी मात्र कडी काढली नाही.

"हूज मदर आर यू?" त्यांनी रीतसर विचारलं.

बाई खुर्चीवरून उठल्या. "मावशी, फाटक तुमचं," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

आतून डोळे चोळत आलेली मुलगी आईला बघताच सुसाट धावली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पहिलाच दिवस होता. वळेल उद्या-परवा, म्हणत मावशींनी कडी लावली.