तुकडा काढला नाय

वडिलांच्या लिव्हरमधली गाठ कॅन्सरची आहे, हे महाडच्या डॉक्टरांनी स्कॅनवरूनच सांगितलं. लिव्हर आधीच सुकत आलेलं, त्यामुळे गाठ स्कॅनमध्येच ओळखू येते, म्हणाले. सुई घालून तुकडा काढायची गरज नाही. उलट रक्त वाहील, सुईच्या वाटेने कॅन्सर पसरेल. गाठ लहान आहे तोवर मुंबईला जाऊन लिव्हर बदलून घ्या. माझ्या लिव्हरचा भाग द्यायला मी तयार होते.

पण आमच्या कुडपण गावात समज असा, की ज्याचा तुकडा मुंबईला तपासायला जातो त्यालाच कॅन्सर, बाकी कुणाला नाही. नोकरीसाठी मी बिरवाडीला खोली घेऊन राहायचे. तिथून घरी पोचेपर्यंत कॅन्सर नसल्याची आनंदाची बातमी वाडीभर झाली होती. आईने देवाला नारळ फोडला होता. चुलते म्हणाले, "तुकडा नाय काढला, मंग कॅन्सर कसला?" मी भांडले, ओरडले, ताट भिरकावलं. वडील गुरं घेऊन माळावर गेले, ते पावसाळा सरेपर्यंत महाडला उतरलेच नाहीत.

दिवाळीनंतर पोटात पाणी झालं तेव्हा उतरले. पुन्हा स्कॅन झाला. गाठ रक्तवाहिनीत शिरली होती. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं, आता लिव्हर बदलून उपयोग नाही.

वडील बाहेर बाकावर बसले होते. मला बघून म्हणाले, "आज तुकडा काढणार हायत?"

"नाही."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मंग रडतेस कशाला गो?"